‘वी’ म्हणजे कोण?

एक जुनी गोष्ट आहे. कुणी ती बिरबलाच्या नावावर सांगतं, कुणी तेनालीरामाच्या, तर आपल्याकडे काहीजण नाना फडणविसांच्या. चातुर्याच्या गोष्टी भाड्याच्या खोल्यांसारख्या असतात. भाडेकरू बदलतो, भिंती त्याच राहतात. तर, दरबारात एक पंडित येतो. दहा-बारा भाषा इतक्या सफाईने बोलतो की ज्याला त्याला वाटावं, हा आपल्याच आळीतला. ‘माझी मातृभाषा ओळखून दाखवा,’ असं तो आव्हान देतो. सगळा दरबार हात टेकतो. मग आपला चतुर नायक मध्यरात्री उठून झोपलेल्या पंडिताच्या अंगावर गार पाण्याची घागर ओततो आणि पंडित दचकून उठतो तो मातृभाषेत शिव्यांची लाखोली वाहतच. निकाल लागतो. पंडिताला पडसं होतं की नाही, हे गोष्टीत दिलेलं नाही.

हा प्रयोग आज आमच्या सोसायटीत करायचा म्हटला तर पहिली अडचण पाण्याची. मध्यरात्री नळाला घागरभर पाणी असेल तर माणसं ते कुणाच्या अंगावर ओतणार नाहीत, भरून ठेवतील. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. समजा, ओतलंच पाणी आमच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या अंगावर. ते ओरडतील, “अरे, कोण आहे रे तिकडे? व्हॉट इज धिस नॉनसेन्स? लाज नाही वाटत?” आता लावा निकाल! एक वाक्य मराठी, एक इंग्रजी, पुन्हा एक मराठी. नायकाने घागर खाली ठेवून घरी जावं हे उत्तम.

पण जाण्यापूर्वी त्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गृहस्थांनी धाक घातला तो इंग्रजीत आणि लाज काढली ती मराठीत. ऐन झोपेत, अंग भिजलेलं असतानासुद्धा, कोणतं काम कोणत्या भाषेकडे द्यायचं याची वाटणी बिनचूक झाली. ही वाटणी केली कुणी? आणि ती आपल्या विचारांचीही झाली आहे का? इंग्रजीत विचार करणारा मी आणि मराठीत विचार करणारा मी, हे दोघे एकच गृहस्थ आहेत की एकाच रेशनकार्डावरचे दोघे?

आपलं हे दुहेरी प्रकरण आजचं नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, ते मराठीतलं पहिलं वृत्तपत्र. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत, एक मराठी आणि शेजारी एक इंग्रजी. मराठी वृत्तपत्राचा जन्मच असा जोडीने झाला. माझा असा समज आहे की, त्या दिवसापासून शिकल्यासवरलेल्या मराठी माणसाच्या डोक्यातही दोन स्तंभ पडले. फरक इतकाच की ‘दर्पण’मध्ये दोन्ही स्तंभांत मजकूर एकच असे, आमच्या डोक्यात तसा तो असतोच असं नाही.

भाजीवालीशी घासाघीस आम्ही मराठीत करतो, घराच्या कर्जाची बोलणी इंग्रजीत. म्हणजे दोन रुपयांसाठी मातृभाषा लागते आणि पन्नास लाखांसाठी परभाषा. पोट मराठीत दुखतं, पण डॉक्टरांकडे पोचेपर्यंत त्याची ‘अ‍ॅसिडिटी’ झालेली असते. घरात पाळणा हलणार असेल तर ‘गुड न्यूज’ इंग्रजीत येते, डोहाळे मात्र मराठीत लागतात. ज्या गोष्टीचं मराठी नाव घेतल्याबद्दल लहानपणी थोबाडीत बसली असती, तिचं इंग्रजी नाव आज सुसंस्कृत घरातल्या मुली दुधाची पिशवी फुटली तरी घेतात आणि आजी शेजारी बसून शांतपणे वाती वळत असतात.

‘सॉरी’चंही तसंच आहे. ‘सॉरी’ म्हणताना मान ताठ ठेवता येते, बसमध्ये पुढे सरकत सरकतही ते म्हणता येतं. ‘चुकलं माझं’ म्हणायचं तर दोन मिनिटं थांबावं लागतं आणि मान आपोआप खाली जाते. प्रेमाची गत तर विचारूच नका. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या ‘माझा तुझ्यावर दावा आहे’ याच चालीचं. ऐकणाऱ्याला वाटतं, आता वकील बघावा लागणार. म्हणून मराठी माणूस ‘आय लव्ह यू’ इंग्रजीत म्हणून मोकळा होतो आणि मराठीत ‘पोचल्यावर फोन कर’ एवढंच म्हणतो. दोन्हींपैकी खरं कोणतं, हे ज्याचं त्याने ओळखावं.

आकड्यांतसुद्धा ही दुफळी आहे. इंग्रज पंचविसाला आधी वीस म्हणतो, मग पाच. आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. २०१९ साली आपल्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या वाचण्याची ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी सुटसुटीत रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! पण खरी गंमत आहे ती एकोणतीसमध्ये. इंग्रजीतला माणूस विसावर उभा राहतो आणि वर मिळालेले नऊ मोजतो. मराठी माणूस तिसावर नजर लावून बसतो आणि एक कमी पडला म्हणून हळहळतो. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ... आमची आयुष्याची बहुतेक दशकं अशी एकाने हुकत संपतात. आता यावरून मराठी माणूस धंद्यात मागे का, असा सिद्धांत कुणी मांडला तर मी टाळी देईन, पण विश्वास ठेवणार नाही.

कारण असले सिद्धांत मांडणाऱ्यांचे एक मूळपुरुष होऊन गेले, त्यांची गोष्ट मला ठाऊक आहे. बेंजामिन ली व्हॉर्फ त्यांचं नाव. हा गृहस्थ प्राध्यापक नव्हता. अमेरिकेत आगीच्या विम्याच्या कंपनीत कारखाने तपासायची नोकरी करायचा आणि फावल्या वेळात हवाईसुंदरी नव्हे, रेड इंडियनांच्या भाषा न्याहाळायचा. कारखान्यांतल्या आगी बघता बघता त्याच्या असं ध्यानात आलं की, पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ कामगार फार जपून वागतात आणि ‘रिकाम्या’ पिंपांजवळ खुशाल विड्या ओढतात. वास्तविक रिकाम्या पिंपात वाफ कोंडलेली, म्हणजे धोका तिथेच जास्त. पण ‘रिकामं’ हा शब्द म्हणतो, ‘इथे काही नाही, बसा.’ शब्दाने डोळ्यांवर पट्टी बांधली आणि काडी पेटली.

व्हॉर्फ १९४१ साली, अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी वारला. पुढे विद्वानांनी त्याची बरीच हजेरी घेतली. भाषा म्हणजे विचारांचा तुरुंग, असं आज फारसं कुणी मानत नाही. शब्द नसला म्हणून माणसाला गोष्ट समजतच नाही असं नाही. पण भाषा तुमचं बोट धरून ‘इकडे बघ’ म्हणते आणि आपण बहुतेक वेळा तिकडेच बघतो, एवढं मात्र उरलं. मला वाटतं, माणसाच्या भल्याबुऱ्या वागण्याला एवढंही पुष्कळ आहे.

आमच्या घरातलं बघा. स्वयंपाकघरातून खळ्ळ असा आवाज येतो. “काय झालं रे?” “कप फुटला.” वा! कप फुटला. कपाला सकाळपासून फुटावंसं वाटत होतं, तो फुटला. फारच उलटतपासणी झाली तर “माझ्या हातून फुटला.” म्हणजे हात दोषी, चिरंजीव साक्षीदार. इंग्रजीत बिचाऱ्याला ‘आय ब्रोक द कप’ म्हणावं लागतं. फोडणाऱ्याला वाक्याच्या दारातच उभं करतात, मग कप आत येतो. मराठीत मला राग येतो, मला कंटाळा येतो, माझ्याकडून राहून जातं. राग, कंटाळा आणि विसर हे तिघे पाहुण्यांसारखे येतात-जातात, आमचा काही इलाज नसतो.

हे थट्टेवारी नेण्यासारखं नाही. केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडित्स्की या दोन संशोधक बाईंनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्या माणसांना त्यांनी अंडी फुटल्याची, फुगे फुटल्याची दृश्यं दाखवली. स्पॅनिशची रीत आपल्यासारखीच, ‘कप फुटला’ची. मुद्दाम फोडणारा कोण, हे दोघांच्याही सारखंच लक्षात राहिलं. पण चुकून कुणाच्या हातून फुटलं, हे इंग्रजीवाल्यांना जास्त आठवलं. म्हणजे जी भाषा ‘कुणी?’ असं विचारते, तिच्या माणसांना ‘कुणी’ आठवतो. यात इंग्रजी थोर ठरली असं कुणी समजू नये. तिथल्या कचेऱ्यांतही ‘चुका झाल्या’ असं बिनमाणसाचं वाक्य लिहायची सोय आहे, आणि इथल्या कचेऱ्यांतही ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ सरकारी भाषा ही सर्व देशांत एकच असते.

आता मराठीची बाजू. इंग्रजी जे विचारायला विसरली, असा एक प्रश्न मराठी पदोपदी विचारते. तो म्हणजे, ‘वी’ म्हणजे कोण? आम्ही की आपण? ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की आत. तमिळ-तेलुगूत हा भेद आहे, गुजरातीत आहे. हिंदीच्या ‘हम’ला तो नाही आणि इंग्रजीच्या ‘वी’लाही नाही. ‘आम्ही सिनेमाला चाललो’ आणि ‘आपण सिनेमाला जाऊ’ यांत किती तिकिटांचा फरक आहे, हे मराठी पोराला शाळेत घालण्यापूर्वी कळतं. ‘वुई आर गोइंग टु अ मूव्ही’ असं म्हणणाऱ्याच्या तोंडाकडे मात्र बघत बसावं लागतं, चपला घालाव्यात की नाही ते कळत नाही.

अर्थात या ‘आपण’मध्येही पिंपातल्यासारखी वाफ असते. ‘मुलगा आपल्यातलाच आहे’ या तीन शब्दांत अख्खी जातिव्यवस्था चहा-पोहे खाऊन जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही. हेच इंग्रजी जाहिरातीत ‘सेम कम्युनिटी प्रिफर्ड’ असं छापलं की जरा तरी खुपतं. आपल्या भाषेचे दोष आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण तिच्यातूनच बघत असतो. चष्म्यावरचा डाग पाहायचा तर चष्मा काढावा लागतो, आणि काढला की बाकीचं दिसत नाही. मात्र ज्याच्याकडे दुसरा चष्मा आहे, त्याला ही सोय आहे.

तेव्हा भाषा बदलली की माणूस बदलतो का? सुझन एर्विन-ट्रिप नावाच्या बाईंनी कॅलिफोर्नियात राहणाऱ्या जपानी स्त्रियांना काही वाक्यं पुरी करायला दिली होती. १९६४ साली त्यांनी तो अभ्यास छापला. एक वाक्य असं होतं की, माझी इच्छा घरच्यांच्या विरुद्ध जाते तेव्हा... तीच स्त्री जपानीत म्हणे, तो मोठ्या दुःखाचा काळ असतो. आणि इंग्रजीत म्हणे, मला हवं ते मी करते! बाई एक, प्रश्न एक. जपानीत घर जिंकलं, इंग्रजीत बाई जिंकली.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या नात्यातली एक मुलगी आठवली. बावीस वर्षांची. घरात स्थळं बघायला सुरुवात झालेली. मराठीत तिला विचारलं की, ‘बघू’, ‘तुम्ही म्हणाल तसं’, नाहीतर नुसतंच पदराशी चाळा. पदर नसल्यामुळे ओढणीशी. एक दिवस जेवताना तिने आजोबांना सरळ सांगितलं, “आजोबा, आय डोन्ट वॉन्ट टु गेट मॅरीड नाऊ. आय वॉन्ट टु स्टडी फर्दर.” घरात शांतता पसरली. आमटी वाढणाऱ्या हातात पळी तशीच राहिली. आजोबा इंग्रजीचे निवृत्त मुख्याध्यापक. मराठीत कुणी असं बोललं असतं तर ते ताटावरून उठले असते. पण हे वाक्य व्याकरणशुद्ध होतं, आणि शुद्ध इंग्रजी वाक्यावर त्यांना आजवर कधी रागावता आलं नव्हतं. ते म्हणाले, “गिव्ह मी युवर रीझन्स.” तिने तीन कारणं दिली. दोन मान्य झाली, एकावर शेरा पडला. मुलगी शिकायला गेली.

तिला जे मराठीत म्हणता येईना, ते खोटं होतं का? मुळीच नाही. मराठीत ती ‘नात’ होती आणि ते ‘आजोबा’. त्या दोन शब्दांच्या मधे दोन पिढ्यांचं अंतर आणि वाकून केलेले नमस्कार होते. इंग्रजीत दोघं समोरासमोरच्या खुर्च्यांवर बसली. परकी भाषा कधी कधी माणसाला अशी उसनी उंची देते, आणि ती उसनी आहे म्हणून तिच्यावरून दिसलेलं खोटं ठरत नाही.

पण उंचीवरून खालची माणसं लहान दिसतात, हेही खरं. अल्बर्ट कोस्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. त्यातला पेच तत्त्वज्ञांमध्ये जुना आहे. रुळांवर पाच माणसं आहेत आणि गाडी येते आहे. तुम्ही पुलावर उभे आहात आणि शेजारी एक लठ्ठ गृहस्थ आहेत. त्यांना खाली ढकललं तर गाडी थांबेल, पाच वाचतील, एक जाईल. ढकलाल का? (मराठी माणूस आधी विचारील, ‘ते पाचजण रुळांवर करत काय होते?’ पण ते असो.) हाच प्रश्न काहींना मातृभाषेत विचारला आणि काहींना नंतर शिकलेल्या भाषेत. ‘ढकलू’ म्हणणारे परक्या भाषेत बरेच जास्त निघाले! गंमत अशी की, माणसाला हात न लावता नुसता रुळांचा खटका ओढायचा असेल तर दोन्ही भाषांत उत्तर जवळजवळ सारखं आलं. जिथे हात दुसऱ्याच्या पाठीला लागतो, तिथेच भाषेने फरक पाडला. पुढच्या प्रयोगांत हा फरक कुठे जास्त दिसला, कुठे कमी. पण त्याचं कारण समजायला प्रयोगशाळा लागत नाही. मातृभाषा आपण कडेवर बसून शिकतो, दुसरी बाकावर बसून. ‘मारू नये’ हे मराठीत शिकलो तेव्हा पाठीत धपाटा बसला होता आणि मागाहून कुणीतरी जवळही घेतलं होतं. इंग्रजीत ते वाक्य फळ्यावर होतं.

आता हसण्याचा भाग संपला असं समजा, थोडा वेळ.

आमच्या ओळखीतल्या एका घरची ही हकीकत. आई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. आजार बरा होण्याच्या पलीकडे गेलेला. पुढे नळ्या घालायच्या, यंत्रावर ठेवायचं की नाही, हे ठरवायची वेळ आलेली. थोरला मुलगा आणि मुलगी खाटेशी उभी, धाकटा न्यूजर्सीहून फोनच्या पडद्यावर. तिन्ही मुलं सज्जन, आईवर जीव टाकणारी. तीन दिवस चर्चा चालली, सगळी इंग्रजीत. क्वालिटी ऑफ लाइफ, अ‍ॅग्रेसिव्ह ट्रीटमेंट, पेन मॅनेजमेंट. आईला त्रास नको म्हणून इंग्रजी. पडद्यामागे बोलावं तसं. फक्त हा पडदा आईच्या खाटेवरूनच जात होता आणि त्याच्या अलीकडे आई जागी होती. चौथ्या दिवशी सांगलीहून मावशी आली, आईची धाकटी बहीण, पिशवीत मेतकुटाची बरणी घेऊन. थोरल्याने तिला सांगितलं, “मावशी, वुई हॅव डिसायडेड...” मावशी म्हणाली, “मराठीत सांग की रे. मला नाही समजत तुमचं.”

तो म्हणाला, “म्हणजे, आम्ही ठरवलंय की...”

आणि तिथेच थांबला. म्हणजे वाक्य त्याला येत नव्हतं असं नाही. पण ‘आम्ही’ म्हटल्याबरोबर आई बाहेर गेली होती. तीन दिवस ‘वी’ म्हणताना ती आत आहे की बाहेर, हे कुणाला विचारावं लागलं नव्हतं. मराठीने पहिल्याच शब्दाला विचारलं. ‘आपण ठरवलंय’ म्हणावं, तर तेही तोंडातून निघेना, कारण आईला कुणी विचारलंच नव्हतं. तो साठीचा मोठा माणूस, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मावशीने बरणी खिडकीत ठेवली आणि म्हणाली, “मग आता ‘आपण’ ठरवा. जागीच आहे ती.”

मुलीने स्टूल ओढलं आणि आईला सगळं मराठीत सांगितलं. तासभर लागला. जे इंग्रजीत तीन शब्दांत मावत होतं, त्याला मराठीत हात हातात घ्यावा लागला, दोनदा पाणी प्यावं लागलं. आईने दोनच प्रश्न विचारले. एक, “घरी जाता येईल का?” आणि दुसरा, “आत्तापर्यंत खर्च किती झाला?” मग म्हणाल्या, “नळ्या नकोत. घरी चला.”

म्हणजे मुलांनी जे ठरवलं होतं, तेच झालं. मग भाषेने काय फरक पाडला? अठरा दिवसांचा. तेवढे दिवस त्या घरी होत्या. लोणच्याची कोणती बरणी कुणाला, कुणाचे किती पैसे द्यायचे आहेत, कोणत्या साडीची गोधडी शिवायची, हे सगळं सांगून गेल्या. निर्णय तोच होता, पण तो त्यांच्याबद्दल घेतलेला होता, तो त्यांचा झाला.

तरीही इंग्रजीला बोल लावण्यात अर्थ नाही. ती नसती तर ही मुलं कदाचित त्या विषयाजवळही गेली नसती. मराठीत ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून गप्प बसली असती आणि डॉक्टर सांगतील ते नाइलाजाने होत राहिलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली, शेवटच्या आजारात आपल्याला कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ साली त्याची रीत सोपी करून दिली. त्या कागदाला सगळे ‘लिव्हिंग विल’च म्हणतात. इंग्रजी नावामुळे निदान त्याच्याबद्दल जेवणाच्या टेबलावर बोलता येतं. पण बोलून झाल्यावर तो कागद एकदा मराठीत लिहून बघावा. लेखणी तीन ठिकाणी थांबेल. जिथे थांबेल, तिथे कुणाशी तरी बोलायचं राहिलेलं आहे असं समजावं.

तेव्हा इंग्रजीतला मी खरा की मराठीतला, या प्रश्नाने फार बेजार होऊ नये असं मला वाटतं. दोघांनाही झाकायला काहीतरी असतं. मराठीतला म्हणतो, ‘कप फुटला’. त्याला इंग्रजीने विचारावं, ‘कुणी फोडला?’ इंग्रजीतला म्हणतो, ‘वुई हॅव डिसायडेड’; त्याला मराठीने विचारावं, ‘वी म्हणजे कोण?’ एकाच डोक्यात दोन परीक्षक फुकट मिळाले आहेत आणि सुदैवाने त्यांचं आपसात पटत नाही. पटणाऱ्या परीक्षकांचा विद्यार्थ्याला काही उपयोग नसतो. घरातला, पैशाचा, माणसाचा कोणताही मोठा निर्णय एका भाषेत झाला की तो दुसऱ्या भाषेत मोठ्याने म्हणून बघावा. म्हणताना जीभ अडखळली तर सही करू नये. ‘मॅनपॉवर रॅशनलायझेशन’ मराठीत म्हणून बघावं, म्हणजे आपण चाळीस माणसांना घरी पाठवतो आहोत हे ऐकू येईल. आणि ‘मुलीला आमच्याकडे सगळी मोकळीक आहे’ हे इंग्रजीत म्हणून बघावं, म्हणजे ‘हू गेव्ह यू द राइट टु गिव्ह?’ हा प्रश्न आपला आपल्याला पडेल.

अशा दोन्ही परीक्षा पास झालेल्या वाक्याखाली खुशाल सही करावी. ती इंग्रजीत करावी की मराठीत, हे ज्याने त्याने ठरवावं. बँकेला दोन्ही चालतात. बँकेचं म्हणणं एवढंच असतं की, एकदा जशी केली तशीच पुढच्या वेळीही आली पाहिजे. विचार केला तर, माणसाकडून याहून जास्त मागण्यासारखं फारसं काही नाही.